इंग्रजी, शालेय विषय

इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांतील शाळांत ‘इंग्रजी’ ह्या एकाच नावाखाली व्याकरण, गद्य साहित्य, कविता आणि लेखन अशी चार अंगे शिकविली जातात. सु. अकरा ते चौदा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या वर्गांत ही चारही अंगे प्रथमच सारख्या महत्त्वाने एकत्र येतात. त्याआधीच्या इयत्तांत अक्षरओळख व वाचन यांवर भर असतो, तर पुढील इयत्तांत साहित्य वरचढ ठरते. वर्षअखेरीच्या उजळणीत आणि प्रश्नपत्रिकेत ही अंगे शेजारी शेजारी येत असल्याने विषय मुळापासून एकसंध असावा, असा समज होतो. वस्तुतः ती चार निरनिराळ्या वाटांनी शाळेत आली. व्याकरण लॅटिनच्या वर्गातून आले. कविता पाठांतराच्या तासातून आली. लेखनाला विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांनी आकार दिला आणि साहित्याला शालेय प्रतिष्ठा सर्वांत शेवटी मिळाली. ह्या अंगांचे सांधे अद्यापि पुरते जुळलेले नाहीत. विशेषतः व्याकरण शिकविल्याने लेखन सुधारते काय, हा प्रश्न शंभरांहून अधिक वर्षे वादाचा ठरला आहे.

सोळाव्या शतकातील इंग्लंडमध्ये ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे लॅटिन व्याकरण शिकविणारी शाळा. इंग्रजीलाही व्याकरण आहे हे दाखविण्यासाठी विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये पहिले इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले. परंतु त्याचीही मांडणी लॅटिनच्या धर्तीवरच होती. शालेय व्याकरणाची खरी परंपरा अठराव्या शतकात सुरू झाली. जोसेफ प्रीस्टली ह्या शास्त्रज्ञाने १७६१ मध्ये लिहिलेल्या व्याकरणात लोकांचा प्रत्यक्ष भाषिक व्यवहार हाच आधार मानला होता. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट लाउथ याच्या व्याकरणाने मात्र वेगळी दिशा घेतली. लाउथ हा ऑक्सफर्डचा माजी काव्य-प्राध्यापक व पुढे लंडनचा बिशप झालेला विद्वान. त्याने शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट अशा मान्यवरांच्या लेखनातून ‘अशुद्ध’ वाक्ये वेचून ती तळटीपांत दिली. ज्या लेखकांचे गद्यपद्य पुढे आदर्श म्हणून त्याच विषयात शिकविले जाणार होते, त्यांच्याच चुका काढून व्याकरणाने आपला अधिकार स्थापन केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

लाउथचे नियम वर्गावर्गांत नेले ते लिंडली मरे याने. मूळचा अमेरिकन असलेला हा वकील इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाला होता. तेथील क्वेकर पंथीय मुलींच्या शाळेतील अध्यापिकांच्या विनंतीवरून त्याने १७९५ मध्ये आपले व्याकरण लिहिले. त्याला जोडून १७९७ मध्ये स्वाध्यायमाला आणि १७९९ मध्ये वेच्यांचे वाचनपुस्तक काढले. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर ह्या पुस्तकांच्या लक्षावधी प्रती खपल्या. त्यांतील अध्यापनपद्धती सरळ होती : नियम पाठ करावा, शब्दाचे व्याकरण चालवावे आणि मुद्दाम चुकीची दिलेली वाक्ये दुरुस्त करावीत. अमेरिकेत याला पुढे आकृतींची जोड मिळाली. अलॉन्झो रीड व ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील पद्धतीनुसार वाक्य आडव्या रेषेवर मांडून त्यातील विशेषणे, क्रियाविशेषणे इ. तिरप्या रेषांनी खाली जोडली जात. फळ्यावर वाक्यांची ही झाडे काढण्याचा पाठ अमेरिकेतील कित्येक पिढ्यांनी गिरवला. वाक्याची बांधणी डोळ्यांना दाखविण्याचे ते एक नामी साधन होते. मात्र नवे वाक्य रचावयास ते शिकवीत नव्हते.

कवितेचे शाळेतील पहिले रूप पाठांतराचे होते. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेनुसार प्राथमिक शाळांचे अनुदान वाचन, लेखन व अंकगणित यांतील प्रत्येक मुलाच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. ‘निकालानुसार वेतन’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत १८९० नंतरच्या दशकात संपुष्टात आली. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी व समीक्षक १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळा-तपासनीस होता. ह्या यांत्रिक पद्धतीला त्याने सातत्याने विरोध केला आणि उत्तम कविता मुखोद्‌गत करणे हे गरीब मुलांच्या शिक्षणातील एक खरे संस्कारसाधन आहे, असा आग्रह धरला. पुढे इंग्रजी साहित्याला अनुदानपात्र विषयांत स्थान मिळाले. पण त्याचे व्यावहारिक रूप नेमून दिलेल्या ओळी म्हणून दाखविणे व शब्दार्थ सांगणे एवढेच राहिले. अमेरिकेत हेच कार्य १८३६ पासून निघू लागलेल्या मॅकगफी वाचनमालेने केले.

साहित्य हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय म्हणून इंग्लंडमध्ये उशिरा मान्य झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्रजीचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम १८९० नंतरच्या दशकात आणि केंब्रिजमध्ये १९१७ साली सुरू झाला. इंग्रजी साहित्याचे पद्धतशीर अध्यापन त्याच्या कितीतरी आधी भारतातील महाविद्यालयांत चालू होते. ईस्ट इंडिया कंपनीवर १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणाची जबाबदारी आली. परंतु प्रत्यक्ष धर्मशिक्षण देणे तिला राजकीय दृष्ट्या अडचणीचे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी इंग्रजी साहित्याचा उपयोग करण्यात आला, असे प्रतिपादन गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. भारतीय सनदी सेवेची परीक्षा १८५५ पासून खुली झाली, तेव्हा तीत इंग्रजी साहित्याला स्थान होते. ह्या विषयाची पहिली मोठी प्रयोगशाळा इंग्लंडमध्ये नव्हे, तर भारतात होती, असे म्हणता येईल.

अमेरिकेत लेखनाचे वळण हार्व्हर्ड विद्यापीठाने ठरविले. तेथे १८७४ पासून प्रवेशेच्छू विद्यार्थ्याला नेमलेल्या साहित्यकृतींपैकी एकीवर छोटा निबंध लिहावा लागे. निबंध तपासताना विरामचिन्हे, शुद्धलेखन आणि व्याकरण यांकडेच प्रामुख्याने पाहिले जाई. परिणामी शाळांनी नेमलेली पुस्तके तेवढी शिकविली आणि लेखन म्हणजे चुका टाळणे असे समीकरण रूढ झाले. चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखालील ‘दहांच्या समिती’ने १८९० नंतरच्या दशकात इंग्रजीला माध्यमिक शाळेच्या चारही वर्षांत अनिवार्य स्थान देण्याची शिफारस केली, त्यामुळे ह्या याद्यांचा प्रभाव वाढला. त्याविरुद्धच्या असंतोषातून १९११ मध्ये शिकागो येथे इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या मासिकाच्या १९१२ मधील पहिल्याच अंकातील पहिला लेख, विद्यमान परिस्थितीत लेखनाचे चांगले अध्यापन शक्य आहे काय, ह्या प्रश्नावर होता आणि त्याचे उत्तर पहिल्याच शब्दात नकारार्थी दिले होते. एका शिक्षकाने किती विद्यार्थ्यांच्या वह्या तपासाव्यात, हा त्यामागील मुद्दा. शिक्षणपद्धतींच्या चर्चेत तो वारंवार बाजूला पडतो. वर्गात मात्र तोच निर्णायक ठरत आला आहे. पन्नास मुलांचे निबंध तपासण्यापेक्षा पन्नास मुलांकडून गाळलेल्या जागा भरून घेणे केव्हाही सोपे.

इंग्लंडमध्ये कवी हेन्‍री न्यूबोल्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२१ मध्ये आपला अहवाल सादर केला. इंग्रजी हा केवळ एक विषय नसून सर्व राष्ट्रीय शिक्षणाचा पाया आहे, ही त्याची भूमिका. पहिल्या महायुद्धानंतर वर्गावर्गांतील दरी भरून काढण्याची आशा साहित्यावर सोपविण्यात आली होती. कवितेच्या बाबतीत मात्र अडचण वेगळीच निघाली. आय्. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या, तेव्हा सुशिक्षित वाचकही साधा वाच्यार्थ चुकतात, असे आढळले. हे निष्कर्ष त्यांनी १९२९ मध्ये मांडले. त्यातून संहितेच्या सूक्ष्म वाचनाची चळवळ उभी राहिली. शाळेपर्यंत पोहोचताना तिचे बरेचसे रूपांतर अलंकार ओळखण्याच्या व्यायामात झाले : उपमा कोठे आहे, रूपक कोठे आहे, अनुप्रास कोणत्या ओळीत आहे. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्येच वाचकाच्या अनुभवाला साहित्याच्या अध्यापनात मध्यवर्ती स्थान द्यावे, असे प्रतिपादिले होते. पण शाळांवर त्याचा परिणाम होण्यास तीन दशके लागली. टेड ह्यूझ यांनी बीबीसीच्या शालेय कार्यक्रमांतून सिद्ध केलेले १९६७ चे पुस्तक आणि न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक शाळेतील मुलांकडून कविता लिहवून घेणाऱ्या केनेथ कॉक यांचे १९७० चे पुस्तक यांनी मुलांना कवितेचे परीक्षार्थी न मानता कवितेचे कर्ते मानले.

व्याकरणाचा वाद : व्याकरणाच्या उपयुक्ततेची परीक्षा घेण्याचा एक आरंभीचा प्रयत्न अमेरिकेत फ्रँक्लिन हॉइट यांनी १९०६ मध्ये केला. व्याकरण, निबंधलेखन व कवितेचा अर्थ लावणे ह्या तिन्हींत एकाच विद्यार्थ्यांची परीक्षा घेता व्याकरणातील गुणांचा इतर दोहोंतील गुणांशी फारसा संबंध आढळला नाही. रोलंड हॅरिस यांनी १९६२ मध्ये पूर्ण केलेला प्रयोग अधिक काटेकोर होता. लंडनमधील पाच शाळांत दोन वर्षे एका गटाला आठवड्याचा एक तास औपचारिक व्याकरण शिकविण्यात आले, तर दुसऱ्या गटाने तोच वेळ प्रत्यक्ष लेखनात घालविला. अखेरीस दुसऱ्या गटाचे लेखन सरस ठरले. ब्रॅडक, लॉइड-जोन्स व शोअर यांनी १९६३ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखनावर नगण्य परिणाम होतो. किंबहुना लेखनाचा वेळ त्यात जात असल्याने तो घातकही ठरू शकतो. न्यूझीलंडमध्ये तीन वर्षे चाललेल्या व १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पारंपरिक व्याकरणाऐवजी रूपांतरणात्मक व्याकरण शिकवूनही फरक पडला नाही.

ह्या निष्कर्षांचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. बारा वर्षांचे इंग्रजी भाषक मूल कर्ता व क्रियापद यांच्या व्याख्या शिकण्यापूर्वीच त्यांचा बिनचूक वापर करीत असते. त्याची अडचण वाक्याचे घटक ओळखण्याची नसते. मनातील विचार लांब, गुंतागुंतीच्या व वाचकाला सुगम अशा वाक्यांत मांडण्याची असते. म्हणूनच सुटी वाक्ये देऊन ती एका वाक्यात गुंफावयास लावणारी ‘वाक्यसंयोजन’ पद्धती उपयुक्त ठरली. फ्रँक ओहेअर यांनी सातवीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात (१९७३) व्याकरणाच्या संज्ञा न शिकविताही ह्या पद्धतीने वाक्यरचना अधिक प्रौढ झाल्याचे दिसून आले.

वादाला सामाजिक बाजूही होती. मरेच्या परंपरेतील ‘अशुद्ध’ वाक्ये ही अनेकदा कामगारवर्गाची, ग्रामीण भागातील किंवा कृष्णवर्णीय अमेरिकनांची नित्याची भाषा होती. दुहेरी नकार शेक्सपिअरच्या नाटकांत आढळतो. तोच एखाद्या मुलाच्या वहीत तांबड्या शाईने खोडला जाई. त्या मुलाला वर्गात पहिली शिकवण मिळे ती आपल्या आईची भाषा चुकीची आहे ही. महाविद्यालयीन लेखनाच्या अमेरिकन शिक्षकांच्या संघटनेने १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या बोलीवरील हक्काचा ठराव केला, त्याला ही पार्श्वभूमी होती. प्रमाण भाषा नाकारल्याने त्या मुलाचे भले होते असे मात्र नाही. नोकरीचे अर्ज आणि न्यायालयांचे निर्णय प्रमाण भाषेतच लिहिले जातात. बोलीला हीन न लेखता प्रमाण भाषा कशी द्यावी, हा ह्या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

डार्टमथ येथे १९६६ मध्ये भरलेल्या ब्रिटिश व अमेरिकन अध्यापकांच्या परिसंवादाने विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वविकासावर भर दिला आणि त्यानंतर इंग्लंडमधील पुष्कळ शाळांतून औपचारिक व्याकरण जवळजवळ नाहीसे झाले. अमेरिकेत लेखन ही एक प्रक्रिया आहे, ह्या विचाराने जोर धरला : कच्चा मसुदा, चर्चा, फेरलेखन आणि अखेरीस शुद्धीकरण. मेन राज्यातील आठवीच्या वर्गाच्या अनुभवावर आधारलेले नॅन्सी ॲटवेल यांचे १९८७ चे पुस्तक ह्याच मधल्या इयत्तांच्या शिक्षकांत विशेष वाचले गेले. विषय विद्यार्थ्याने निवडावा, पुस्तकही त्यानेच निवडावे आणि व्याकरण त्याच्या चालू मसुद्यातील गरजेपुरते थोडक्यात सांगावे, असा तिचा परिपाठ होता. त्या वर्गात चारही अंगे खरोखर एकत्र आली. मात्र त्यासाठी लागणारी मोकळीक आणि वर्गाची मर्यादित संख्या सर्वत्र उपलब्ध नव्हती.

प्रतिक्रियाही यथावकाश उमटली. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. त्याच वर्षीचा किंगमन समितीचा आणि १९८९ चा कॉक्स समितीचा अहवाल यांनी जुन्या घोकंपट्टीकडे परतण्यास नकार देऊन भाषेविषयीच्या ज्ञानाचा पुरस्कार केला. सरकारला ते अपुरे वाटले. भाषाज्ञानासाठी शिक्षकांकरिता शासकीय खर्चाने तयार झालेले साहित्य १९९१ मध्ये सरकारनेच प्रसिद्ध करण्याचे नाकारले. चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या इंग्रजीच्या राष्ट्रीय परीक्षेवर शिक्षकांनी १९९३ मध्ये बहिष्कार टाकला. ती परीक्षा पुढे २००८ मध्ये बंद झाली. पण २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांसाठी व्याकरण, विरामचिन्हे व शुद्धलेखन यांची स्वतंत्र परीक्षा सुरू करण्यात आली. अमेरिकेत २०१० च्या सामाईक मानकांनी आठवीपर्यंतच्या एकूण शालेय वाचनात ललित साहित्याचा वाटा ४५ टक्के व माहितीपर लेखनाचा ५५ टक्के असावा असे सुचविल्याने वाद उद्‌भवला. हे प्रमाण सर्व विषयांचे मिळून होते, हे वादात बहुधा विसरले गेले. दरम्यान डेब्रा मायहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील ३१ शाळांतील बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासातून (२०१२) असे दिसले, की लेखनाच्या पाठातच अर्थाशी व परिणामाशी जोडून व्याकरण शिकविल्यास लेखन सुधारते. लाभ मुख्यतः आधीच बरे लिहिणाऱ्या मुलांना झाला. शिवाय शिक्षकाचे स्वतःचे व्याकरणाचे ज्ञान हा निर्णायक घटक ठरला. व्याकरण न शिकलेल्या पिढीतील शिक्षकांकडेच ते शिकविण्याचे काम आले होते.

भारतातील परंपरा : मुंबई इलाख्यात मराठी चौथीनंतर मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि ‘इंग्रजी सातवी’ला मॅट्रिक होई. त्यांतील आरंभीच्या तीन इयत्तांत भाषेची बैठक घालण्याचे काम व्याकरण व भाषांतर यांवर चाले. मराठीतून इंग्रजी व इंग्रजीतून मराठी करण्याच्या अभ्यासाची ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ कित्येक पिढ्यांच्या हाती होती. पुढे जे. सी. नेस्फील्ड यांची व्याकरणे आणि १९३० नंतरच्या दशकात रेन व मार्टिन यांचे पुस्तक आले. पर्सिव्हल रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते. साहसकथांचे लेखक म्हणून त्यांना अधिक कीर्ती लाभली. त्यांचे व्याकरण इंग्लंडमध्ये विस्मृतीत गेले असले, तरी भारतात त्याच्या सुधारित आवृत्त्या एकविसाव्या शतकातही वापरात राहिल्या.

इंग्रजीच्या वर्गाचा ठसा मराठीवरही उमटला. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणाची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. मराठी शाळांत शिकविल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जातींचे मूळ ह्या परंपरेत आहे. विरामचिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेमागे (१८७४) इंग्रजी निबंधकारांचे वाचन होते आणि केशवसुतांनी इंग्रजी सॉनेटचा घाट ‘सुनीत’ रूपाने मराठीत आणला. जे शिक्षण कारकून घडविण्यासाठी दिले गेले असे म्हटले जाते, त्याच्या कवितेच्या व निबंधाच्या तासांतून आधुनिक मराठी साहित्याचे काही प्रकार उगवले. व्याकरणाच्या तासाने त्यांचे पोषण किती केले, हे सांगणे कठीण आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भाषांतरपद्धती मागे पडली. वाक्यरचनांचे क्रमवार दृढीकरण करणारी ‘संरचना पद्धती’ १९५० नंतरच्या दशकात भारतात सर्वत्र पसरली. तिच्या यांत्रिकपणाला उत्तर म्हणून एन्. एस्. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर प्रकल्प चालविला. त्यात व्याकरण न शिकविता नकाशे, वेळापत्रके अशा साधनांवरील कामे इंग्रजीतून सोडवून घेतली जात. अर्थाकडे लक्ष असताना व्याकरण आपोआप आत्मसात होते, असे त्यामागील गृहीत होते. ह्या संदर्भात पाश्चात्त्य संशोधनाचा आधार घेताना सावधगिरी आवश्यक आहे. हॅरिस किंवा ब्रॅडक यांचे निष्कर्ष इंग्रजी घरीच बोलणाऱ्या मुलांसंबंधीचे आहेत. मराठी भाषक मुलाला इंग्रजीतील उपपदे, शब्दयोगी अव्ययांची नामापूर्वीची जागा आणि क्रियापदाचे वाक्याच्या मध्ये येणे ह्या गोष्टी कानावर पडून आपोआप येतील, अशी परिस्थिती बहुसंख्य शाळांभोवती नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. तेव्हा ‘व्याकरण नको’ हे सूत्र येथे जसेच्या तसे लागू करणे म्हणजे ज्याच्याकडे शिडी नाही त्याला ती चढू नको असे सांगण्यासारखे आहे. उलट, नियम पाठ करून गाळलेल्या जागा भरणाऱ्या मुलाला स्वतःचे चार ओळींचे पत्र लिहिता येत नाही, हाही येथील नित्याचा अनुभव आहे.

महाराष्ट्रात १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजे ‘बालभारती’च्या, पुस्तकांतून गद्य, कविता, व्याकरण व लेखन ही विभागणी कायम राहिली. कवितेवरील रसग्रहणाच्या प्रश्नाची तयार उत्तरे मार्गदर्शकांत छापून येऊ लागल्याने त्या विभागणीतील सर्वांत मोकळे अंगच सर्वांत साचेबंद झाले. मराठी व अन्य माध्यमांच्या शाळांत इंग्रजीचा आरंभ पूर्वी पाचवीपासून होत असे. २००० च्या जूनपासून तो पहिलीपासून करण्यात आला. पहिलीच्या वर्गात हा विषय शिकविण्याचे काम ज्या शिक्षकांकडे आले, त्यांतील बहुतेकांनी स्वतः इंग्रजी पाचवीत किंवा आठवीत, व्याकरणाच्या वहीतून शिकले होते.